ताज्या मटणावर जंतू येतात कुठून?

“डॉक्टर, मटण तर आमच्या डोळ्यांदेखत कापले होते, मग जुलाब कसे लागले?” हा प्रश्न मला सोमवारी हमखास ऐकावा लागतो. रविवारी सावंगीच्या रस्त्यावर मटणाच्या दुकानापुढे गर्दी असते, सोमवारी ती दवाखान्यात दिसते. ताजे म्हणजे स्वच्छ, असा आपला पक्का समज आहे. म्हणून जनावर कापल्यापासून पातेल्यात पडेपर्यंत काय घडते, ते आज पाहू.

निरोगी मेंढीच्या किंवा बोकडाच्या मांसात, म्हणजे आतल्या स्नायूत, जंतू जवळजवळ नसतातच. ते असतात कातडीवर, खुरांवर, लोकरीत आणि आतड्यांत. मेंढीच्या लोकरीत चिखल, लेंड्या, मूत्र सारे अडकून राहते. पावसाळ्यात तर विचारूच नका. ब्रिटनमध्ये फार मळलेली मेंढरे कापायला निरीक्षक मनाई करू शकतात. आपल्याकडे ग्राहक जनावराचे वजन बघतो, लोकर कोणी बघत नाही.

पहिला संसर्ग होतो कातडे सोलताना. ज्या हाताने लोकर धरली, तोच हात उघड्या मांसाला लागतो. सुरी बाहेरून आत गेली की पात्याबरोबर केस आणि घाण आत जाते. म्हणून चांगल्या कत्तलखान्यात कातड्याला आतून बाहेर छेद देतात, एक हात कातड्यासाठी व दुसरा मांसासाठी ठेवतात, आणि सुरी वरचेवर 82 अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात बुडवतात. दुसरा धोका पोट फाडताना. आतड्याला जरासा छेद गेला तरी आतली घाण धडावर सांडते, आणि त्या घाणीच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी जंतू असतात. अन्ननलिका आणि गुदद्वार आधी बांधून घेतले तर हे टळते. एका दोरीच्या तुकड्याचे काम, पण घाईत कोण करतो? मग सारे धड एकाच बादलीतल्या पाण्याने धुतात, एकाच फडक्याने पुसतात. दिसायला स्वच्छ होते. प्रत्यक्षात मानेवरची घाण मांडीपर्यंत पोचते. त्यानंतर तो लाकडी ठोकळा! त्याच्या भेगांत कालचे, परवाचे मांस असते. ठोकळा रोज खरवडून, मीठ चोळून वाळवणारे खाटीकही मी पाहिले आहेत. मटण तिथूनच घ्यावे.

मुंबईत देवनारला महापालिकेचा मोठा कत्तलखाना 1971 सालापासून आहे. मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी आधुनिक कत्तलखान्यातील आणि पारंपरिक दुकानांतील शेळ्यामेंढ्यांच्या धडांची तुलना केली. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दुकानांतील धडांवर जंतू अधिक आढळले. कत्तलखान्यातील धडेही निर्जंतुक नव्हती, हेही सांगितले पाहिजे. केंद्र सरकारच्या 2001 च्या कत्तलखाना नियमांप्रमाणे पशुवैद्यकाने तासाला 12 हून अधिक जनावरे तपासू नयेत. दुकानामागच्या मोरीत बोकड कापला जातो तिथे तपासणारा कोण असतो? आजारी जनावर स्वस्तात मिळाले म्हणून कापून वाटून घेण्याची खेड्यांतली चाल तर फारच घातक. त्यातून काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, होऊ शकतो, आणि सोलणाऱ्याला तो आधी होतो.

आता आपल्या उन्हाळ्याचा हिशेब करा. अनुकूल उष्णतेत ई. कोलाय जंतू साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतो. सकाळी आठला मांसावर एक जंतू असेल, तर दुपारी तीनपर्यंत त्याचे वीस लाख होऊ शकतात. पिशवी गाडीला अडकवून गावभर फिरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

चांगल्या उकळीने हे जंतू मरतात. तिखटाने मरत नाहीत, आणि दारूबंदीच्या जिल्ह्यात जे ‘औषध’ लोक सोबत घेतात त्यानेही नाही. मात्र खिम्याला जपावे. अखंड तुकड्यावर जंतू बहुधा पृष्ठभागावर असतात, खिम्यात ते आत मिसळतात. कलेजीही आतून लाल राहू देऊ नये.

घरात खरा घोटाळा होतो तो विळीवर. कच्चे मटण जिच्यावर कापले, तिच्यावरच कांदा, काकडी, लिंबू चिरले जाते. मटण शिजते, कोशिंबीर शिजत नाही. 1996 साली स्कॉटलंडमध्ये विशॉ गावच्या एका मांसविक्रेत्याकडून ई. कोलाय 157 ची मोठी साथ पसरली. शेकडो लोक आजारी पडले, सुमारे वीस वृद्ध दगावले. चौकशी समितीने कच्चे आणि शिजलेले मांस, त्यांची हत्यारे, जागा सारे वेगळे ठेवण्यावर भर दिला. घरी दोन विळ्या ठेवा. नसतील तर कांदा आधी चिरा, मटण नंतर.

शिळा रस्सा अधिक चवदार लागतो, हे मलाही मान्य आहे. पण क्लॉस्ट्रिडियम नावाच्या जंतूची बीजे उकळीतही टिकतात, आणि मोठ्या गंजात रस्सा रात्रभर कोमट राहिला की ती वाढीला लागतात. लग्नातल्या जेवणानंतर आठ-दहा तासांनी घरोघर पोटात कळ व जुलाब सुरू होतात, ते बरेचदा यामुळे. उरलेला रस्सा उथळ भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा, खाताना पुन्हा खळखळून उकळावा. फ्रिज नसेल तर उरेल इतका करू नये.

जुलाब लागल्यास मीठसाखरेचे पाणी ताबडतोब सुरू करा: एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. जुलाब बांधणाऱ्या गोळ्या लहान मुलांना देऊ नका. शौचातून रक्त पडत असेल तर अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नये, ई. कोलायच्या एका जातीत त्याने मूत्रपिंडांना अपाय वाढण्याची भीती असते. रक्ती जुलाबानंतर चार-आठ दिवसांनी मूल फिकट दिसू लागले, लघवी कमी झाली, तर जुलाब थांबले म्हणून निश्चिंत राहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा, आणि मुलाने काय, कधी खाल्ले होते तेही डॉक्टरांना सांगा.