नवे स्केट्स घालण्याआधी

पोरी, तुझे चामड्याचे क्वाड स्केट्स आले म्हणून कळलं. इतकी वर्षं मुलांना रिंकवर उभं करते आहे, तेव्हा आत्या म्हणून चार गोष्टी तुझ्या कानावर घालते.

दुकानाची बदलून देण्याची मुदत आहे तोवर माप तपासून घे. संध्याकाळी तपास, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. नखं आधी काप. लेस बांधून सरळ उभी राहा, अंगठा पुढच्या टोकाला हलका टेकला पाहिजे. मग गुडघे वाकव, टाच मागे बसेल आणि अंगठा सुटेल. वाकल्यावरही बोटं मुडपून राहत असतील तर बूट परत कर. चामडं घोट्यापाशी नरम होतं, चवड्याच्या बाजूंना थोडं पसरतं, पण लांबीला वाढत नाही. “घालून घालून सैल होईल” म्हणणाऱ्या दुकानदाराचं या बाबतीत ऐकू नकोस.

आणि वाढता पाय म्हणून आईने दोन नंबर मोठा बूट घेतला असेल तर तोही परतच कर. मोठ्या बुटात टाच वरखाली होते, आणि टाचेवरचे बहुतेक फोड त्या घासण्यानेच येतात. शिकाऊ मुलांसाठी लांबी कमीजास्त करता येणारे स्केट्स मिळतात, वाढत्या पायाला तेच बरे.

मोजा एकच, पातळ आणि घट्ट बसणारा. सुती नको, तो घाम पिऊन ओला राहतो आणि ओली कातडी लवकर सोलवटते. दोन मोजे चढवलेस तर ते एकमेकांवर सरकतात. मोजा बुटाच्या काठाच्या वरपर्यंत हवा, नाहीतर तो काठ नडगीला चावतो. बोटांवरची शिवण टोचत असेल तर मोजा उलटा करून घाल.

पहिले काही दिवस रिंकवर जाऊच नकोस. घरी जाड सतरंजी किंवा पायपुसणं अंथर, म्हणजे चाकं फिरणार नाहीत. टेबलाला धरून उभी राहा आणि गुडघे पुढे नेत सावकाश वाकव. वीस मिनिटं पुरे. लेस वरच्या एकदोन हुकांत अडकवू नकोस, घोट्याला वाकायला जागा मिळते आणि चामड्याला तिथे घडी पडते. ती घडी पडणं म्हणजेच बूट रुळणं. घडी पडली की मग वरपर्यंत बांध. गुळगुळीत फरशीवर किंवा जिन्यात स्केट्स घालून पाऊल टाकायचं नाही, हे मात्र कायमचं.

लेस बांधणं हाच यातला खरा हातखंडा, आणि तिथेच सगळे घाई करतात. आधी जीभ मधोमध वर ओढ. टाच जमिनीवर दोनदा आपट, म्हणजे ती मागे नीट बसते. बोटांजवळ लेस सैल ठेव, मधे बेताची, आणि पाऊल जिथे वाकतं तिथे सगळ्यात घट्ट. खालपासून वरपर्यंत एकसारखी आवळलीस तर बोटांना मुंग्या येतील, आणि सगळीच सैल सोडलीस तर पाय बुटाला पकडू बघेल आणि तळव्यात गोळे येतील. मुंग्या आल्या की लगेच थांबून सोड, सहन करत बसू नकोस.

एखादी जागा गरम वाटू लागली की फोड यायच्या आधीच बूट काढ आणि तिथे चिकटपट्टी लाव. घोट्याचं हाड घासत असेल तर फोमचा तुकडा गोल कापून मधे भोक पाड आणि हाड त्या भोकात येईल असा लाव. हाडावरच गादी ठेवलीस तर दाब वाढेल. करंगळीपाशी एकाच जागी रुतत असेल तर चपला-बूट दुरुस्त करणाऱ्या काकांकडे घेऊन जा. तेवढीच जागा ताणून देण्याचं साधन त्यांच्याकडे असतं. बूट भिजवून घालण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. तो ऐकू नकोस, चामडं वाळताना आकसतं आणि कडक होतं. पावसाळ्यात भिजलाच तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेव, गॅसजवळ किंवा उन्हात कधीच नको.

२०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या पुरुषांच्या आणि महिलांच्या, दोन्ही संघांनी स्पीड स्केटिंगच्या ३००० मीटर रिलेत ब्राँझ जिंकलं. त्यानंतर स्पीडचे कार्बनचे बूट हवेत म्हणून मुलं हटून बसतात. ते बूट वेगळेच: घोट्याखाली कापलेले आणि कडक. त्यांतले काही गरम करून पायाच्या आकाराचे करता येतात, पण ते उत्पादकाने दिलेल्या तापमानालाच. तुझ्या बुटांना मात्र तो प्रयोग करू नकोस, तळ चिकटवलेला डिंक सुटेल.

स्पर्धा जवळ आली असेल तर जुनेच बूट घालून उतर, नवे सरावाला ठेव. आणि हे आईलाही वाचून दाखव. वहिनी, पोर पाय दुखतोय म्हणाली तर आळस करते असं समजू नका. मोजा उतरवून आधी पाय बघा.