कोयनेखाली ज्वालामुखी आहे का?

फर्स्ट इयरला हॉस्टेलवर पहिला धक्का अनुभवला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. खिडक्यांची तावदानं वाजली, कॉट हलली आणि अर्धं हॉस्टेल ग्राउंडवर. पाटणचा आमचा रूममेट मात्र कूस बदलून म्हणाला, "झोपा रे, कोयनेचा आहे." सर्वात आधी खाली पोचला होता तो लातूरचा मित्र, तोही अनवाणी. त्याला कोणी हसलं नाही. 1993 चं किल्लारी त्याच्या घरात अजून बोललं जातं.

त्या रात्री ग्राउंडवर एकाने छातीठोकपणे सांगितलं, "खाली ज्वालामुखी आहे. सगळा सह्याद्री लाव्हाचा, आणि कोकणात तुरळ-आरवलीला गरम पाण्याचे झरे काय उगाच आहेत?" तेव्हा उत्तर देता आलं नाही. आज देतो.

सह्याद्री लाव्हाचा आहे हे खरंच. पण तो लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. ती भट्टी केव्हाच विझली. झऱ्यांचं म्हणाल तर पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथल्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. त्यासाठी ज्वालामुखी लागत नाही.

मग खरा ज्वालामुखी उद्रेकाआधी कसा बोलतो? दोन प्रकारे. शिलारस वर घुसताना खडक फोडतो, तेव्हा नेहमीसारखे तीक्ष्ण भूकंप होतात. पण भेगांत भरलेला वायू, वाफ किंवा शिलारस दाबाखाली हलू लागला, की ती भेगच बासरीसारखी घुमते. हॉस्टेलचा नळ अचानक बंद केल्यावर भिंतीतला पाइप थरथरतो, तो आठवा. अशा धक्क्यांची कंपनं संथ असतात, सेकंदाला साधारण अर्धं ते पाच. त्यांना दीर्घ आवर्तनाचे भूकंप म्हणतात. फिलिपाइन्समधला पिनाटुबो जून 1991 मध्ये फुटण्याआधी असे धक्के नोंदले गेले, आणि इतर खुणांबरोबर ते वाचून हजारो लोकांना वेळेत हलवता आलं. कोलंबियातल्या गालेरासवर मात्र जानेवारी 1993 मध्ये विवरात उतरलेले सहा शास्त्रज्ञ आणि तीन पर्यटक उद्रेकात गेले. त्याआधीच्या आलेखांवर हळूहळू विरत जाणाऱ्या, स्क्रूच्या आट्यांसारख्या लहरी उमटलेल्या होत्या. तेव्हा त्यांचा अर्थ पुरता लागला नव्हता.

कोयनेच्या आलेखांवर असा घुमारा दिसत नाही. तिथे दिसतो तो खडकाचे दोन भाग एकमेकांवर घसरल्याचा तीक्ष्ण झटका. म्हणजे ज्वालामुखी नाही. पण गंमत अशी, की जमिनीखालचा द्रव इथेही आहेच. फक्त तो शिलारस नसून साधं पाणी आहे.

सिव्हिलवाल्यांना सॉइल मेकॅनिक्समधला इफेक्टिव्ह स्ट्रेस पाठ असतो (निदान ओरलपुरता). एकूण दाबातून पोअर प्रेशर वजा केलं, की उरतो तो कणांना एकमेकांवर घट्ट दाबून धरणारा दाब. तोच हिशोब भूकवचातल्या भेगेला लावा. भेगेतल्या पाण्याचा दाब वाढला की तिच्या दोन बाजूंमधली पकड सुटत जाते.

आता आकडे. कोयना धरण 103 मीटर उंच. 100 मीटर पाण्याचा दाब भरतो सुमारे 1 मेगापास्कल. 5 किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचा दाब सुमारे 130 मेगापास्कल. म्हणजे धरणाचा वाटा एक टक्काही नाही! एवढ्याने डोंगर कसा हलेल? तर आंबा पाडाला आला असेल तर फांदीला हात लागला तरी पडतो, कच्चा असेल तर झोंबूनही पडत नाही. कोयनेखालच्या भेगा आधीच ताणाने भरत आलेल्या होत्या. ऊर्जा भूकवचाची, निमित्त पाण्याचं. म्हणूनच महाराष्ट्रात एवढी धरणं असून बहुतेकांखाली असं काही घडत नाही.

दुसरी गोष्ट उशिराची. पाण्याचं वजन लगेच बसतं, दाब मात्र भेगांतून मुरत मुरत खाली जातो. अमेरिकेत डेन्व्हरजवळ लष्कराने 1962 पासून साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत सांडपाणी दाबलं. धक्के सुरू झाले, 1966 मध्ये पंप बंद केले, तरी मोठे धक्के आले ते 1967 मध्ये. आपल्याकडे शिवाजीसागर साठच्या दशकाच्या सुरुवातीला भरू लागला आणि 11 डिसेंबर 1967 ला पहाटे 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. धरणाच्या डिझाइनमध्ये भूकंपासाठी गुरुत्वत्वरणाच्या 0.05 पट गुणांक धरला होता. धरणातल्या उपकरणाने नोंदवलं 0.63 पट. धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं. नंतर त्याला पाठीमागून आधार देऊन भक्कम केलं.

सांगलीकरांनी हा साताऱ्याचा प्रश्न समजू नये. शिराळा तालुक्यात चांदोलीला वारणेचं पाणी 1985 पासून साठू लागलं, आणि 1993 पासून धक्क्यांचा जोर दक्षिणेला वारणेच्या बाजूलाही वाढला. पावसाळ्यात तलाव भरल्यावर धक्के वाढतात, हे तर वर्षानुवर्षांच्या नोंदींत दिसतं.

खाली नेमका किती दाब आहे हे वरून गणित करून किती दिवस सांगणार? म्हणून गोठण्याला सुमारे 3 किलोमीटर खोल भोक घेतलं गेलं. 2017 मध्ये ते पूर्ण झालं. सव्वा किलोमीटर बेसाल्ट संपल्यावर थेट ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक लागला. कराडजवळ हजारमाचीला या कामासाठी प्रयोगशाळाच आहे. भूगर्भात उपकरणं उतरवून दाब, तापमान आणि ताण जागेवरच मोजायचा, हा त्यामागचा बेत.

पुढच्या धक्क्याला एक करून बघा. आधी ग्राउंडवर पोचा, ते महत्त्वाचं. पण पहिला बारीक धक्का आणि नंतरचा जोराचा हेलकावा यांतले सेकंद मनात मोजा आणि त्यांना आठने गुणा. साधारण तेवढे किलोमीटर दूर केंद्र असतं. कराडात पाचच्या आसपास आकडा आला, तर पाटणचा रूममेट बरोबर होता.