लोंबकळणारे रेणू

१. शिखरं किती, हे संगणकाला ठरवू देऊ नये. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी सोन्याच्या पातळ थरावर थायोलचे रेणू बसवले होते. एक्सपीएसमध्ये, म्हणजे क्ष-किरण टाकून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजतात त्या तपासणीत, थायोलमधल्या गंधकाचा एक बेढब उंचवटा आला, एका बाजूचा खांदा उतरलेला. मी दोन शिखरं टाकली, बटण दाबलं. १६२.० आणि १६३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. रेघ अशी बसली की मापानं शिवलेला सदराच. निष्कर्षही तयार: दोन-तृतीयांश रेणू सोन्याला चिकटलेत, उरलेले नुसतेच वर लोंबकळतायत.

गाईडनी आलेख पाहिला. "क्षेत्रफळांचं प्रमाण?"

"दोनास एक, सर."

"आणि अंतर?"

एक पूर्णांक दोन म्हणता म्हणता माझी जीभ अडखळली. गंधकाचं २पी शिखर मुळात जोडीनंच येतं, साधारण १.१८ च्या अंतरानं, २:१ प्रमाणात. लोंबकळणारं कुणी नव्हतंच. सेमिनारची स्लाइड त्याच रात्री उडवली.

२. तेव्हापासून फिट करण्याआधी आकडे बांधून टाकते: जोडीतलं अंतर, प्रमाण (३डी असेल तर ३:२, ४एफ असेल तर ४:३), दोघांची रुंदी सारखी. टायटॅनियमला मात्र हा शेवटचा नियम लावू नका. त्याच्या जोडीतलं धाकटं शिखर जात्याच जाडं असतं.

३. आधी बॅकग्राउंड. शर्ली वापरा की सरळ रेघ, तिची टोकं थोडी इकडेतिकडे सरकवून बघा. मोठं शिखर ढिम्म हलत नाही, लहान्याचं क्षेत्रफळ मात्र बघता बघता बदलतं. आणि पेपरात आपण मिरवतो ते बहुधा लहानगंच.

४. काय-स्क्वेअरला भुलू नये. आणखी एक शिखर टाकलं की तो उतरणारच. त्यापेक्षा डेटातून फिट वजा करून उरलेली रेघ बघावी. तिथे नुसता खरखराट हवा. लाट दिसली तर काहीतरी राहिलंय.

५. सुरुवातीचे आकडे बदलून पुन्हा चालवा. लेव्हेनबर्ग-मार्क्वार्ट पद्धत उतार दिसेल तिकडे घरंगळते आणि पहिल्या खड्ड्यात बसते.

६. परवा एका विद्यार्थ्यानं कार्बनच्या उंचवट्यात पाच शिखरं आणली. "पाचवं कसलं रे?" विचारलं.

"ते घातलं की छान बसतंय, मॅडम."

फरकाची रेघ घेऊन ये म्हटलंय. अजून आला नाही.