वजन घटवण्याविषयीचे काही गैरसमज

वाढलेले वजन हा आता केवळ सुखवस्तू घरांचा प्रश्न राहिलेला नाही. अंगमेहनतीची कामे कमी झाली, बैठी कामे वाढली आणि तेल, साखर व मैदा यांचा वापर खेड्यापाड्यांतही वाढला. मधुमेह व उच्च रक्तदाब यांसारख्या विकारांना त्यामुळे वाव मिळतो. म्हणून वजन आटोक्यात ठेवणे आवश्यकच आहे. परंतु त्यासाठी केले जाणारे अनेक उपाय गैरसमजांवर आधारलेले असतात. त्यांतील प्रमुख गैरसमजांचा येथे विचार करू.

१. उपाशी राहिल्याने वजन उतरते : पहिल्या काही दिवसांत काटा भराभर खाली येतो, हे खरे. मात्र त्यात बराचसा वाटा पाण्याचा असतो. यकृतात व स्नायूंत साठवलेली शर्करा खर्च होताच तिच्यासोबतचे पाणीही शरीराबाहेर पडते. उपासमार लांबली, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. जेवण पूर्ववत सुरू झाले की गेलेले वजन बहुधा परत येते.

२. भात-भाकरी सोडली की पुरे : एक ग्रॅम कर्बोदकांतून सुमारे ४ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम तेला-तुपातून ९. चहाच्या एका चमच्याएवढ्या तेलात सुमारे ४० कॅलरी असतात. भात सोडून फरसाण व भजी खाणाऱ्याचे वजन कसे घटावे? दोष भाताचा नाही, प्रमाणाचा आहे.

३. गूळ-मधाने वजन वाढत नाही : गूळ आणि साखर यांतून मिळणारी ऊर्जा जवळजवळ सारखीच असते. मध-लिंबाचे कोमट पाणी चरबी वितळवत नाही. उलट मधातील ऊर्जा आहारात भर घालते.

४. पोटाच्या व्यायामाने पोट उतरते, घामाने चरबी जाते : पोटाच्या व्यायामाने तेथील स्नायू बळकट होतात, पण चरबी कोणत्या जागेची कमी व्हावी हे आपण ठरवू शकत नाही. घामावाटे जाते ते पाणी. दोन पेले पाणी प्यायले की ते वजन भरून निघते.

५. बारीक म्हणजे निरोगी : हातपाय सडपातळ, पण पोट सुटलेले, अशी अंगकाठी आपल्याकडे सर्रास आढळते. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरपेक्षा व स्त्रीची ८० सेंटीमीटरपेक्षा अधिक असल्यास सावध व्हावे.

या गैरसमजांची सर्वांत मोठी किंमत वाढत्या वयातील मुली मोजतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते १९ वयोगटातील निम्म्याहून अधिक मुलींमध्ये रक्तक्षय आहे. अशा मुलीने 'जाड दिसते' म्हणून सकाळची न्याहारी टाळणे, हे आधीच रिकाम्या होत चाललेल्या कणगीतून धान्य काढण्यासारखे आहे. मुलांच्या शरीरावरून घरात थट्टा होऊ नये. वजनाची खरोखर चिंता असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मग योग्य मार्ग कोणता? संयुत्तनिकायातील दोणपाक सुत्तात कोसलचा राजा पसेनदी याची कथा आहे. द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत आलेल्या राजाला भगवान बुद्धांनी भोजनाची मात्रा जाणण्याचा उपदेश केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करावयास सांगितले आणि रोज जेवण वाढताना ती म्हणण्याचे काम दिले. क्रमाक्रमाने राजाचा आहार नाळीभर भातावर आला व शरीर हलके झाले.

राजाने अन्न वर्ज्य केले नाही, प्रमाण कमी केले; तेही हळूहळू आणि दुसऱ्याच्या साहाय्याने. प्रौढांसाठी आठवड्याला अर्धा ते एक किलो घट पुरेशी मानली जाते. ताटात डाळ, उसळ व पालेभाजी वाढवावी, तळलेले व गोड कमी करावे, रोज किमान अर्धा तास झपझप चालावे आणि वेळेवर झोपावे. घरच्यांनीही जेवताना 'आणखी थोडे घ्या' हा आग्रह सोडावा. सुदस्सनाचे काम प्रत्येक घरात कोणीतरी प्रेमाने करावयास हवे.