स्कीचे वळण तिच्या कमरेत

सायकल वळवायची असेल तर आपण हँडल फिरवतो. होडीला सुकाणू असते. मग पायांना दोन लांब पट्ट्या जखडून बर्फाळ उतारावरून ताशी ४० किलोमीटर वेगाने घसरणारा स्कीपटू वळतो कसा? स्कीला तर हँडल नाही आणि सुकाणूही नाही.

वळण्याची जुनी रीत अशी : स्की आडव्या फिरवायच्या आणि बर्फ खरवडत दिशा बदलायची. यात वेग कमी होतो व बर्फावर रुंद, विस्कटलेला पट्टा उमटतो. दुसरी रीत म्हणजे 'कार्व्हिंग', अर्थात कोरणे. यात स्कीची पोलादी धार बर्फात रुतते आणि आगगाडी रुळांवरून जावी तशी स्की स्वतःच कोरलेल्या खाचेतून पुढे सरकते. मागे उरते ती पेन्सिलीने काढल्यासारखी बारीक रेघ. निष्णात हौशी स्कीपटू खास कार्व्हिंग स्की वापरतात त्या या रेघेसाठीच.

अशी स्की वरून पाहिली तर दोन्ही टोके रुंद व मधला भाग अरुंद दिसतो. समजा, पुढची रुंदी ११८, मधली ७० आणि मागची १०२ मिलिमीटर आहे. टोकांची सरासरी रुंदी ११०. म्हणजे मध्यभाग ४० मिलिमीटरने अरुंद. याचा अर्थ, प्रत्येक बाजूने स्कीची कंबर २० मिलिमीटर आत गेलेली आहे. ही कड एका मोठ्या वर्तुळाचा कंस आहे असे मानू. त्या वर्तुळाची त्रिज्या किती?

येथे भूमितीचे एक प्रमेय उपयोगी पडते. वर्तुळाच्या दोन जीवा एकमेकींना छेदतात तेव्हा प्रत्येक जीवेच्या दोन भागांचा गुणाकार सारखाच येतो. बर्फाला टेकणारी १५० सें.मी. लांबी ही एक जीवा. तिचे भाग ७५ आणि ७५. तिला दुभागणारा व्यास ही दुसरी जीवा. तिचा लहान भाग २ सें.मी. म्हणून मोठा भाग ७५ × ७५ ÷ २ = २८१२.५ सें.मी. दोन्ही मिळून व्यास झाला २८१४.५ सें.मी. आणि त्रिज्या सुमारे १४ मीटर. कंबर फक्त ७ मिलिमीटर आत असती, तर हीच त्रिज्या ४० मीटर आली असती! जुन्या स्की जवळजवळ अशाच सरळसोट असत. १९९० च्या दशकाच्या आरंभी स्लोव्हेनियातील एलान कंपनीच्या युरी फ्रांको व पावेल श्कोफिट्स या अभियंत्यांनी खोल कमरेची स्की तयार केली. काही वर्षांतच जुना आकार मागे पडला.

करून पाहा : २४ सें.मी. लांब व ६ सें.मी. रुंद अशी लवचीक पुठ्ठ्याची पट्टी घ्या. दोन्ही लांब कडा मध्याशी १ सें.मी. आत जातील अशा कंसाकार कापा. पट्टी एका कडेवर तिरपी करून कोऱ्या कागदावर टेकवा. फक्त टोके टेकतील. मध्ये फट राहील. मध्यावर बोटाने दाबून फट घालवा आणि टेकलेली कड पेन्सिलीने गिरवा. आता पट्टी अधिक तिरपी करून पुन्हा गिरवा. या वेळचा कंस अधिक वाकलेला दिसेल.

कठीण बर्फावर हेच घडते. स्की जितक्या कोनातून कलेल, त्या कोनाच्या कोसाइनने मूळ त्रिज्येला गुणले की वळणाची त्रिज्या मिळते. ६० अंशांचा कोसाइन अर्धा असतो; म्हणून १४ मीटरची स्की ७ मीटर त्रिज्येचे वळण घेते. कलणे हेच तिचे हँडल!

मग कितीही वेगाने जावे आणि कलून वळावे, असे चालेल का? नाही. वळणासाठी लागणारे अभिकेंद्री बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. स्कीपटू ६० अंश कलला की त्याच्या पायांवर वजनाच्या दुप्पट भार येतो. उतार विचारात न घेता हिशेब केला, तर वेगाचा वर्ग = गुरुत्वत्वरण × स्कीची त्रिज्या × कोनाची साइन, असे सूत्र मिळते. साइन १ पेक्षा मोठी असूच शकत नाही. ९.८ × १४ = १३७.२, याचे वर्गमूळ सेकंदाला ११.७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ४२ किलोमीटर. याहून अधिक वेगात ही स्की स्वच्छ रेघ कोरू शकत नाही, धार निसटते. वेगवान स्कीपटू मोठ्या त्रिज्येची स्की निवडतात ते यामुळेच. शिवाय एवढ्या भाराखाली स्की लांबीत वाकली पाहिजे, पण पिळली जाता कामा नये. त्यासाठी लाकडी गाभ्यावर काचतंतू व ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पत्रे बसवतात.

हा भार अखेर गुडघ्यांवर येतो. म्हणूनच दुखापती कमी व्हाव्यात या हेतूने आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०१२-१३ च्या हंगामापासून पुरुषांच्या जायंट स्लॅलम शर्यतीत स्कीची किमान त्रिज्या २७ वरून ३५ मीटर केली. खेळाडूंनी तक्रारी केल्या आणि २०१७-१८ पासून ती ३० मीटर ठरली. कमरेचे काही मिलिमीटर केवढे महत्त्वाचे, ते यावरून ध्यानात येईल.

आता तुम्हीच १८ मीटर त्रिज्येच्या स्कीची वेगमर्यादा काढा. उत्तर ताशी सुमारे ४८ किलोमीटर यायला हवे.