एअर फिल्टर बदलल्यानंतर : कार्ब्युरेटरच्या समायोजनाचा एक पाठ

स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाने विद्यालयाच्या वाटचालीवर लिहावे, अशीच सर्वांची अपेक्षा असणार. ते काम अन्य सहकाऱ्यांनी उत्तम केले आहे. आम्ही मात्र येथे मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरवर लिहीत आहोत. त्यास एक कारण घडले.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत आमचा एक माजी विद्यार्थी वसतिगृहावर भेटीस आला, तो पायी. त्याचा दूध संकलनाचा व्यवसाय एका जुन्या शंभर सीसीच्या मोटारसायकलवर चालतो. दोन महिन्यांपूर्वी त्याने शहरातून शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर आणून बसवला होता. ‘पिकअप आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही वाढते’ असे त्यास सांगण्यात आले होते. गाडी दाखवायला तो आला, तेव्हा आम्हीही त्याच्या हौसेचे कौतुक केले होते. पुढे भर उन्हात मंगरूळपीरच्या रस्त्यावर पिस्टन जाम झाला. सिलिंडरचे बोअर, नवा पिस्टन, रिंगा यांत हंगामाची शिल्लक संपली. फिल्टर बदलल्यावर कार्ब्युरेटरला कोणी हातच लावला नव्हता. इंजिन ज्याने दुरुस्त केले, तो गॅरेजचालकही याच विद्यालयाचा. त्याच्या गॅरेजमध्ये दोन संध्याकाळी वही घेऊन बसलो, तेव्हा जे समजले ते पुढे मांडले आहे.

कार्ब्युरेटरचे कार्य

वाहत्या द्रवाचा वेग आणि दाब यांचा संबंध डॅनिएल बर्नुली याने १७३८ मध्ये मांडला. अरुंद गळ्यातून प्रवाह नेला असता काय होते, याचे प्रयोग इटलीच्या व्हेंचुरी याने १७९७ मध्ये प्रसिद्ध केले. या तत्त्वांवर पेट्रोलचा फवारा सोडणारा कार्ब्युरेटर १८९३ च्या सुमारास युरोपात सिद्ध झाला. जर्मनीचा माइबाख आणि हंगेरीचे बांकी व चोंका ही त्यातील प्रमुख नावे. इंजिन हवा ओढते, गळ्यात हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रातून वर येऊन हवेत मिसळते. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने १ भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल अधिक झाले तर मिश्रण दाट, कमी झाले तर विरळ; गॅरेजमध्ये यासच रिच आणि लीन म्हणतात.

फिल्टर बदलल्याने काय बदलते

कारखान्यात जेटचे माप मूळ फिल्टर व त्याची बंद पेटी गृहीत धरून ठरवलेले असते. पेटीमुळे हवेस थोडा अडथळा होतो, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी दाब किंचित कमी राहतो. वाटीवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. या फरकामुळेही काही पेट्रोल वर ढकलले जाते. उघडा फिल्टर बसवला की हवा मोकळी येते आणि ही मदत नाहीशी होते. हवा वाढते, पेट्रोलचा ओढा घटतो. मिश्रण दोन्ही बाजूंनी विरळ होते. विरळ मिश्रणावर इंजिन तापते. आरंभी गाडी हलकी धावल्याचा भास होतो आणि त्या भासातच नुकसान दडलेले असते.

लक्षणे ओळखणे

विरळ मिश्रणाची लक्षणे अशी : थंड इंजिन लवकर सुरू न होणे, रेस देताच गाडीने क्षणभर दम तोडणे, एकाच वेगात धावताना हिसके बसणे, रेस सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट आवाज, आणि प्लगचे टोक पांढरे पडणे. दाट मिश्रणात प्लगवर काळी काजळी धरते, धूर काळा येतो, पेट्रोलचा वास येतो आणि अ‍ॅव्हरेज घटते. बिनखर्चाची एक परीक्षा आहे. ज्या रेसवर गाडी अडखळते, तेथेच चोक किंचित ओढून पाहावा. गाडी सुधारली तर मिश्रण विरळ, अधिक बिघडली तर दाट समजावे.

समायोजनाचा क्रम

प्रथम अन्य दोष दूर करावेत. टॅपेटचे अंतर, प्लग, वाटीतला गाळ आणि कार्ब्युरेटर व इंजिन यांमधील रबरी जोड तपासावा. जोडास चीर असेल तर तेथून हवा शिरते आणि पुढील सर्व श्रम वाया जातात. मूळ जेटचे क्रमांक, निडलच्या क्लिपची खाच आणि स्क्रूचे फेरे वहीत लिहून ठेवावेत. एका वेळी एकच बदल करावा; दोन बदल एकत्र केले तर परिणाम कशाचा हे कळत नाही.

रेसच्या मुठीवर पाव, अर्धे आणि पाऊण अशा खुणा कराव्यात, कारण प्रत्येक टप्प्यावर वेगळ्या भागाची सत्ता चालते. पाऊण ते पूर्ण रेसवर मेन जेट, पाव ते पाऊण रेसवर निडल आणि त्याखाली पायलट जेट व मिश्रणाचा स्क्रू.

मेन जेटपासून सुरुवात करावी. क्रमांक एक पायरी वाढवून मोकळ्या रस्त्यावर, हेल्मेट घालून, पूर्ण रेसवर थोडे अंतर गाडी चालवावी; मग क्लच दाबून इंजिन बंद करावे, गाडी बाजूस घ्यावी आणि इंजिन थोडे निवल्यावर प्लग काढून पाहावा. फिकट तपकिरी रंग समाधानकारक. पांढरा असल्यास आणखी एक पायरी वाढवावी, काळा असल्यास मागे यावे. (समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जात असला, तरी त्यावर दुचाकीस प्रवेश नाही, हे तरुणांनी ध्यानात ठेवावे.)

नंतर निडल. क्लिप खालच्या खाचेत बसवली की निडल वर येते आणि मिश्रण दाट होते. क्लिप वर नेली की विरळ. येथे अनेकांची गल्लत होते.

शेवटी मिश्रणाचा स्क्रू. तो फिल्टरच्या बाजूस असेल तर हवेचा असतो, म्हणून बाहेर फिरवल्यास मिश्रण विरळ होते. इंजिनच्या बाजूस असेल तर पेट्रोलचा असतो, आणि तो बाहेर फिरवल्यास दाट होते. हा भेद न पाहता स्क्रू पिळणे म्हणजे आजाऱ्यास उलटे औषध देणे होय. इंजिन बंद असताना स्क्रू अलगद पूर्ण आत न्यावा, जोर करू नये, आणि सुमारे दीड फेरा बाहेर काढावा. मग इंजिन चालवून चांगले गरम करावे व स्क्रू पाव-पाव फेऱ्याने हलवत जेथे आयडलिंग सर्वाधिक व स्थिर होते तेथे थांबावे. मग आयडलिंगच्या स्क्रूने वेग मूळ मर्यादेत आणावा. पेट्रोलचा स्क्रू तीन फेऱ्यांपलीकडे गेल्यावरच गाडी सुधारत असेल, किंवा हवेचा स्क्रू जवळजवळ बंद करावा लागत असेल, तर पायलट जेट लहान पडतो आहे असे समजून वरच्या क्रमांकाचा घालावा. अखेरीस पीयूसी तपासणी करून घ्यावी.

दीडशे सीसी व त्यावरील अनेक गाड्यांत पडद्याने उचलला जाणारा स्लाइड असतो. उघड्या फिल्टरची कड त्या पडद्याच्या हवेच्या छिद्रावर आली, तर कोणताही जेट घातला तरी गाडी सुधारत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आल्यावर बहुतेक नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आले. त्यांस हा पाठ लागू नाही.

आपल्या भागापुरते दोन इशारे

पहिला धुळीचा. सोयाबीन आणि तूर काढणीच्या दिवसांत आपल्या पांदण रस्त्यांवर जी बारीक धूळ उडते, ती स्वस्त उघड्या फिल्टरमधून सरळ सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा झिजवते. पावसाळ्यात पाणीही शिरते. तेल लावण्याचा फिल्टर असेल, तर तो ठरलेल्या मुदतीत धुऊन त्याचेच तेल लावावे.

दुसरा इशारा इंधनाचा. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. शुद्ध इथेनॉलास वजनाने सुमारे ९ भागच हवा लागते. म्हणून अशा मिश्र इंधनास सुमारे साडेतेरा भाग हवा पुरते. जुन्या कार्ब्युरेटरचे जेट आपोआप बदलत नाहीत. म्हणजे फिल्टर न बदलताही जुनी गाडी थोडी विरळ चालते. त्यात उघडा फिल्टर म्हणजे विरळात अधिक भर.

आमचे मत

शंभर सीसीच्या गाडीस उघड्या फिल्टरने होणारा लाभ अल्प आहे. ज्यांची रोजी त्या गाडीवर आहे, त्यांनी मूळ फिल्टर वेळेवर साफ करावा आणि जीर्ण झाला की नवा घालावा. ज्यांनी बदल केलाच आहे, त्यांनी समायोजन झाल्याखेरीज गाडी लांब नेऊ नये. त्या दूधवाल्या विद्यार्थ्याच्या गाडीस आता मूळ पेटी परत बसली आहे आणि जेटही मूळ क्रमांकाचे आहेत. या खेपेस कौतुक करण्यापूर्वी आम्ही प्लगचा रंग विचारला.

एक विनंती आहे. ज्या गॅरेजचालकाने आम्हांस हे शिकवले, त्याने इतक्या वर्षांत यातली एक ओळही लिहिली नव्हती. ‘सर, हे काय लिहायचं असतं?’ असे तो म्हणाला. लिहायचे असते. ज्या समाजास पिढ्यानपिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याच्या हातांतले ज्ञान बहुधा त्या हातांबरोबरच संपले, हे इतिहासाच्या अभ्यासकास वेगळे सांगावे लागत नाही. आमचे विद्यार्थी आज गॅरेजांत, वायरिंगच्या कामावर, पंप दुरुस्तीत, कारखान्यांत आहेत. प्रत्येकाने आपल्या कामातील एक पाठ वहीत उतरवून विद्यालयाच्या ग्रंथालयास द्यावा. वसतिगृहातील मुले तो वाचतील. तशी पहिली वही त्या गॅरेजचालकाच्या नावाने आम्ही कपाटात ठेवली आहे.