नाव वेगळे, सांगाडा एकच

दांडीच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या तुम्ही पाहिल्या असतील. एक निळी, दुसरी हिरवी. प्रत्येकीचे नाव निराळे. पण जाणता माणूस रंगाला भुलत नाही. तो आधी होडीचा सांगाडा पाहतो. सांगाडा म्हणजे आपल्या उर्दूतला 'ढाँचा'. जुन्या अमेरिकन मोटारींची खरी ओळखही सांगाड्यावरूनच होते.

'जनरल मोटर्स' ही अमेरिकेतील मोठी कंपनी. मुंबईत शिवडी येथे तिने 1928 साली मोटारी जोडण्याचे काम सुरू केले होते. शेव्हरोले, पाँटियाक, ओल्डस्मोबिल, ब्यूक आणि कॅडिलॅक ही सारी तिचीच नावे. शेव्हरोले स्वस्त, तर कॅडिलॅक श्रीमंतांची. पत्रा दाबून त्याला आकार देणारे साचे फार महाग असतात. प्रत्येक नावासाठी निराळा सांगाडा करणे परवडणारे नव्हते. म्हणून कंपनीने थोडेच सांगाडे ठेवले व त्यांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिली.

1955 सालच्या मोटारी पाहा. शेव्हरोले आणि पाँटियाक यांचा सांगाडा ए. ओल्डस्मोबिल 88 आणि ब्यूक स्पेशल यांचा बी. ओल्डस्मोबिल 98, ब्यूक रोडमास्टर आणि नेहमीची कॅडिलॅक यांचा सी. कॅडिलॅकच्या लांबलचक लिमोझिनचा डी. गंमत अशी की, एक ब्यूक बी मध्ये आणि दुसरी कॅडिलॅकच्या पंगतीला सी मध्ये!

अक्षर म्हणजे गाडीची लांबी, असे काही जण समजतात. ते बरोबर नाही. शेव्हरोलेच्या पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर 115 इंच, तर पाँटियाकचे 122 इंच. तरी दोन्ही ए. माणसे बसतात तो मधला भाग, त्याचे छत आणि पुढची काच यांवरून अक्षर ठरे. पुढची जाळी, दिवे, मागचे पंख निरनिराळे असत. इंजिनही त्या काळी ज्याचे त्याचे असे.

आता कुर्ल्याला येऊ. शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 साली 'प्रीमियर ऑटोमोबाईल्स' कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लर या अमेरिकन कंपनीच्या मोटारी तयार होत. डॉज किंग्जवे, डिसोटो डिप्लोमॅट, प्लायमाउथ सॅव्हॉय अशी भारदस्त नावे! पण तिघींचा सांगाडा एकच, प्लायमाउथचा. डॉज विकणाऱ्याकडे डॉज हवी, डिसोटो विकणाऱ्याकडे डिसोटो. म्हणून जाळी आणि नावाची पट्टी तेवढी बदलत. घेणारा मात्र आपल्या गाडीचा तोरा मिरवीत असे.

या गाड्या बनणे कधीच थांबले. आज रोडमास्टरची पुढची काच फुटली, तर नवी कुठून आणणार? अशा वेळी हुशार कारागीर फक्त ब्यूक शोधत बसत नाही. तो त्याच सालच्या सी सांगाड्याच्या मोडक्या कॅडिलॅकचाही तपास करतो.

स्वाध्याय
1. कंपनीने थोडेच सांगाडे का ठेवले?
2. 'पंगतीला बसणे' आणि 'तोरा मिरवणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
3. तुमच्या गावातील दोन वाहने पाहून त्यांतील सारखे व वेगळे भाग लिहा.